दुखणं थांबल्यानंतरचा धोका

रेट्रोपेरिटोनिअल फायब्रोसिस हे नाव रुग्णाच्या कानावर पहिल्यांदा पडतं, तोवर त्याचं बरंच काही ऐकून झालेलं असतं. मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे, वाताचं दुखणं आहे, खडा असेल आणि पडून गेला असेल. यातलं प्रत्येक निदान त्या त्या दिवशी पटण्यासारखं असतं, कारण पन्नाशीतल्या माणसाची कंबर दुखायला एवढी कारणं पुरतात आणि हजारोंच्या बाबतीत ती खरीही ठरतात. शिवाय दरवेळी लिहून दिलेल्या गोळ्यांनी थोडाफार आराम पडलेला असतो. या आजारात रुग्णाचं सर्वांत मोठं नुकसान या आरामाच्या काळात होतं. दुखणं कमी झालं की आजार कमी झाला, असं आपण धरून चालतो. शरीराच्या बहुतेक तक्रारींत हा हिशेब जुळतो, इथे जुळत नाही. निदानाआधी जुळत नाही, मूत्रवाहिनीत स्टेंट म्हणजे बारीक नळी घातल्यावर जुळत नाही आणि स्टेरॉइड सुरू झाल्यावर तर अजिबात जुळत नाही. या टप्प्यांवर माणूस कुठे फसतो हे आधी ठाऊक असेल तर किडनी वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आपली आतडी ज्या पातळ पडद्याने वेढलेली असतात त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्या पडद्याच्या मागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे एक चिंचोळी जागा असते. शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, महाधमनी, तिथून खाली उतरते. तिच्या शेजारून पायांकडचं रक्त हृदयाकडे नेणारी महाशीर वर चढते. आणि दोन बाजूंनी, किडन्यांपासून मूत्राशयापर्यंत, दोन मूत्रवाहिन्या जातात. प्रत्येकी पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब. या आजारात महाधमनीच्या खालच्या भागाभोवती, साधारण बेंबीच्या मागे, आधी दाह सुरू होतो आणि मग तिथे पांढुरका, चिवट, तंतुमय थर साचत जातो. तो पसरत महाशिरेला आणि मूत्रवाहिन्यांना वेढतो, मूत्रवाहिन्यांना मधल्या रेषेकडे ओढून घेतो. मूळ आजार हा कर्करोग नव्हे. पण काही थोड्या रुग्णांत असाच थर कर्करोगाच्या पेशींमुळे तयार होतो, म्हणून दोन्हींतला फरक तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मूत्रवाहिनी स्वस्थ पडून राहत नाही. ती आकुंचनाच्या लाटांनी लघवी खाली ढकलत असते. भोवतीचा थर आवळला की आधी ही हालचाल मरते. म्हणून इथे एक चकित करणारी गोष्ट अनेकदा दिसते: ज्या मूत्रवाहिनीतून लघवी उतरत नाही, तिच्यातून स्टेंटची नळी मात्र फारशी न अडखळता वर सरकते. आतली वाट बुजलेली नसते, ढकलणारी ताकद गेलेली असते. हे लक्षात ठेवण्याचं कारण पुढे सोनोग्राफीच्या रिपोर्टात येईल.

आजार दुर्मीळ आहे. नेदरलँड्समधल्या एका पाहणीत वर्षाला लाख लोकांमागे साधारण १.३ नवे रुग्ण आढळले, फिनलंडमध्ये त्याहूनही बरेच कमी. चाळीस ते साठ या वयात तो जास्त दिसतो आणि बायकांपेक्षा पुरुषांत दुपटी-तिपटीने. दुर्मीळ असल्यामुळे एखाद्या फॅमिली डॉक्टरला सबंध कारकिर्दीत एकही रुग्ण भेटणार नाही, असं सहज होऊ शकतं. त्यामुळे पहिल्या भेटीतच निदान झालं नाही म्हणून डॉक्टरांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. प्रश्न पाचव्या-सहाव्या भेटीचा आहे.

समजा, बावन्न वर्षांचा एक गॅरेज मेकॅनिक आहे. तीन महिन्यांपासून कमरेत आणि कुशीत बोथट, खोलवरचं दुखणं. वाकल्याने वाढत नाही, आडवं झाल्याने थांबत नाही, रात्री जास्त जाणवतं. वजन चार किलोने उतरलं आहे, जेवणावर वासना नाही, संध्याकाळी कसकस वाटते. बद्धकोष्ठ झालं आहे. एका अंडकोशात दुखतं, पण हे तो बायकोलासुद्धा सांगत नाही, मग डॉक्टरला कुठला सांगतो. एका पायाला सूज येते ती उभ्याच्या कामाची म्हणून सोडून दिली आहे. रक्तदाब नव्यानेच वाढलेला निघाला आहे, तो वयाचा म्हणून. एकेकट्या तक्रारीला एकेक साधं कारण सापडतं आणि प्रत्येक तक्रार वेगळ्या डॉक्टरकडे जाते. हाडांचा डॉक्टर एमआरआय पाहतो, आणि पन्नाशीच्या कुठल्याही मणक्यात दाखवण्यासारखं काहीतरी असतंच. सर्जन अंडकोश पाहतो, तिथे थोडं पाणी झालेलं दिसतं. सगळ्या तक्रारी एका कागदावर एकाखाली एक लिहून एकाच डॉक्टरपुढे ठेवल्या जात नाहीत, तोवर त्यांचं मूळ एका जागी आहे हे कोणालाच दिसत नाही. हा कागद रुग्णानेच तयार करायचा आहे, आणि लाजेखातर त्यातली एकही ओळ गाळायची नाही.

यात डायक्लोफिनॅक, आइब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक अशा वेदनाशामक गोळ्यांचा दुहेरी दगा आहे. हे दुखणं दाहाचं असल्यामुळे या गोळ्यांनी ते खरोखर कमी होतं. म्हणजे गोळी लागू पडली, निदान बरोबर होतं, अशी रुग्णाची आणि डॉक्टरचीही समजूत होते. दुसरीकडे अडथळ्याने आधीच दमलेल्या किडनीचा रक्तपुरवठा हीच गोळी कमी करते. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय महिनोन्महिने आणलेली पाकिटं दोन्ही बाजूंनी घात करतात. पाठदुखीसाठी सलग दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ अशी गोळी लागत असेल, तर पुढचं पाकीट आणण्याआधी किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन आणि दाह दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी या तपासण्या करून घ्याव्यात. या तपासण्या महाग नाहीत, तालुक्याच्या गावीही होतात. मणक्याच्या झिजेने ईएसआर ऐंशी-नव्वदवर जात नाही. गेला असेल तर कुठेतरी दाह, जंतुसंसर्ग किंवा गाठ आहे असं धरून शोध घ्यायला हवा.

मग सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात एक ओळ येते: दोन्ही किडन्यांना सौम्य सूज, म्हणजे माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस, खडा आढळला नाही. माझ्या मते या आजाराच्या वाटेवरची सर्वांत महत्त्वाची ओळ हीच, आणि तिच्यावरूनच सगळ्यात सहज पुढे निघून जाता येतं. 'खडा पडून गेला असेल' हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं! एका बाजूला खडा असेल आणि तो पडून गेला असेल, हे शक्य आहे. पण मग सूजही दोन-तीन आठवड्यांत उतरायला हवी, आणि ती उतरली का हे पुन्हा सोनोग्राफी करून पाहायला हवं. दोन्ही बाजूंना एकाच वेळी खडे होते आणि दोन्ही आपोआप पडून गेले, हे फारच क्वचित घडतं. आणि 'सौम्य' या शब्दावर विसंबू नये. खड्याच्या अडथळ्यात वरची मूत्रवाहिनी चांगली फुगते. इथे ती सभोवारच्या थरात जखडलेली असते, फुगायला जागाच नसते. त्यामुळे सूज थोडी दिसते आणि किडनीचं नुकसान त्या मानाने बरंच जास्त झालेलं असू शकतं. खडा नसताना आलेली सूज दिसली की डॉक्टरांना एक प्रश्न विचारायलाच हवा: अडथळा कशाने आला? उत्तर मिळेपर्यंत तो विचारत राहावं. बहुतेक वेळा उत्तरासाठी सीटी स्कॅन लागतो. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर कॉन्ट्रास्ट द्यायचा की नाही, एमआरआय बरा पडेल का, हे किडनीतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट मिळून ठरवतात.

'लघवी तर व्यवस्थित होतेय की' ही आणखी एक चुकीची खात्री. एक मूत्रवाहिनी पूर्ण बंद झाली तरी दुसरी किडनी रोजची लघवी तयार करते. अर्धवट अडथळ्यात तर लघवी नेहमीपेक्षा जास्तही होऊ शकते, कारण किडनीची पाणी राखून ठेवण्याची ताकद गेलेली असते. क्रिएटिनिनही उशिरा बोलतं. किडन्यांची निम्मी कार्यशक्ती जाईपर्यंत ते प्रयोगशाळेच्या सामान्य मर्यादेत राहू शकतं. म्हणूनच काही रुग्णांत निदान होतं तेव्हा एक किडनी आक्रसून निकामी झालेली सापडते आणि दुसरी धोक्यात आलेली असते. पहिली गेली तेव्हा काहीच दुखलं नव्हतं, किंवा दुखलं होतं आणि गोळीने थांबलं होतं. पूर्ण अडथळा काही आठवडे टिकला तर नंतर तो दूर करूनही कामाचा काही भाग कायमचा गेलेला असतो. दोन्ही बाजू बंद झाल्या तर मळमळ, धाप, सूज, गुंगी ही लक्षणं येतात आणि रक्तातलं पोटॅशियम जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं. अडथळा असलेल्या किडनीत जंतुसंसर्ग शिरला की थंडी वाजून ताप भरतो. सूज आलेली किडनी आणि हुडहुडी भरून ताप, अशी जोडी दिसली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्रीच मोठं इस्पितळ गाठायचं.

पॅरिसचे यूरोलॉजिस्ट होआकिन आल्बारान यांनी १९०५ मध्ये अशा थराने अडकलेल्या मूत्रवाहिन्यांचं वर्णन केलं होतं. पण वैद्यकशास्त्रात आजाराची ओळख रुजली ती १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या जॉन ऑर्मंड यांनी दोन रुग्णांचा वृत्तान्त छापल्यावर. काही जुन्या पुस्तकांत आजही याला ऑर्मंडचा आजार म्हणतात. पुढे १९६० च्या दशकात बॉस्टनमध्ये डोकेदुखीवर काम करणाऱ्या जॉन ग्रॅहम यांच्या लक्षात आलं की मायग्रेन टाळण्यासाठी मेथिसर्जाइड हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांत असाच थर तयार होतो, आणि औषध बंद केल्यावर अनेकांत तो विरतो. या शोधाचं मोल आजही कमी झालेलं नाही. मेथिसर्जाइड आता जवळपास वापरातून गेलं आहे, पण त्याच एर्गट कुळातलं एर्गोटामाइन मायग्रेनच्या काही गोळ्यांत आपल्याकडे अजून आहे, आणि प्रोलॅक्टिन वाढल्यावर दिल्या जाणाऱ्या कॅबर्गोलिनच्या माहितीपत्रकातही या आजाराचा इशारा असतो. डोकं दुखलं की कुठली गोळी घेता, असं कोणी विचारेलच असं नाही. आपण होऊन सांगावं, गोळीची पट्टीच दाखवावी.

बहुसंख्य रुग्णांत मात्र नेमकं कारण सापडत नाही; शरीराची प्रतिकारयंत्रणा महाधमनीभोवतीच्या ऊतीवर उलटते, इतकंच म्हणता येतं. त्यांपैकी काही जण आयजीजी-४शी निगडित आजाराच्या गटात येतात. २००१ मध्ये जपानी संशोधकांनी स्वादुपिंडाच्या एका दाहात आयजीजी-४ हे प्रतिपिंड रक्तात वाढलेलं असल्याचं दाखवलं आणि त्यानंतर अनेक अवयवांचे वेगवेगळे वाटणारे आजार एका धाग्यात ओवले गेले. पूर्वी कधी स्वादुपिंडाला सूज येऊन कावीळ झाली असेल, जबड्याखालच्या लाळग्रंथी किंवा डोळ्यांवरच्या अश्रुग्रंथी सुजल्या असतील, तर तो जुना इतिहास इथे कामाचा ठरतो. रक्तातलं आयजीजी-४ सामान्य आलं म्हणून आजार नाही, असा अर्थ मात्र काढता येत नाही.

धूम्रपान आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांच्याशी या आजाराचा संबंध फिनलंड आणि इटलीतल्या पाहण्यांत दिसून आला आहे. बाहेरच्या बऱ्याच देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्याकडे त्याचे सिमेंटचे पत्रे आजही विकले जातात. डोक्यावर असा पत्रा आहे म्हणून कोणी घाबरून जाण्याचं कारण नाही, धोका प्रामुख्याने त्याची धूळ रोज श्वासात घेणाऱ्यांना असतो: पत्र्याचे कारखाने, जहाजतोडणी, बॉयलरचं लेपण, जुन्या गाड्यांचे ब्रेक लायनर घासणारी गॅरेजं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये असा आदेश दिला आहे की अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान चाळीस वर्षं किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोवर ठेवली पाहिजे. अशा कारखान्यात कधीकाळी काम केलं असेल तर डॉक्टरला सांगावंच, आणि कारखान्याकडे ती नोंद मागावी. तो कामगाराचा हक्क आहे.

आता स्टेंटकडे येतो, कारण दुसरी मोठी फसगत तिथे होते. डीजे स्टेंट ही दोन मिलिमीटर जाडीची, वीतभराहून थोडी लांब, मऊ प्लास्टिकची नळी असते. दोन्ही टोकं वेटोळं केलेली. एक वेटोळं किडनीत अडकतं, दुसरं मूत्राशयात. बाजूंना बारीक छिद्रं असतात. दुर्बिणीने ती आत सोडतात, बाहेरून काही दिसत नाही. ती बसवणं जमलं नाही किंवा जंतुसंसर्ग फार असला तर पाठीतून किडनीत नळी घालून लघवी पिशवीत काढतात, तिला नेफ्रोस्टॉमी म्हणतात. अडथळा सुटला की काही रुग्णांना पहिल्या दिवशी काही लिटर लघवी होते. घरच्यांना आनंद होतो, तो साहजिक आहे; पण त्या वेळी शरीरातलं पाणी आणि क्षार झपाट्याने जात असतात, म्हणून इस्पितळातून घरी जायची घाई करू नये. चार दिवसांत क्रिएटिनिन उतरतं, भूक लागते, चेहऱ्यावर तरतरी येते. आणि इथे, सगळं सुधारत असताना, बऱ्याच जणांचे उपचार थांबतात.

स्टेंटने वाट मोकळी होते. थर जसाच्या तसा राहतो, दाह चालूच राहतो. ज्याने अडथळा आणला त्याचं निदान आणि औषधोपचार हे अजून सुरूच झालेले नसतात. पण डिस्चार्ज कार्डावर 'डीजे स्टेंटिंग केले' असं लिहिलेलं असतं, विम्याचा किंवा महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा कागद त्या शस्त्रक्रियेपुरता पूर्ण झालेला असतो, आणि ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला अशी आपली जुनी समजूत असते. त्यात लघवी करताना कुशीत कळ, वारंवार लघवीला जावंसं वाटणं, मधूनच लालसर लघवी असे स्टेंटचे त्रास सुरू होतात, म्हणून पुन्हा दवाखान्यात जायला माणूस कंटाळतो. काही जण तर स्टेंट आत आहे हेच विसरतात. साधा स्टेंट तीन ते सहा महिन्यांत बदलावा किंवा काढावा लागतो, काही खास प्रकारचे वर्षभर चालतात. विसरलेल्या स्टेंटवर क्षारांचे थर चढतात, तो दगडासारखा होतो, ओढताना तुटतो. एका दुर्बिणीत सुटणारं काम मग दोन-तीन ऑपरेशनांवर जातं आणि कधी किडनीही जाते. विसरलेले स्टेंट हा आपल्याकडच्या यूरोलॉजिस्टांचा नेहमीचा, खरा त्रास आहे. रुग्णालयं फोन करतात, पण रुग्णाने नंबर बदललेला असतो किंवा तो गावी परतलेला असतो. स्टेंट कुठल्या बाजूला, कोणत्या तारखेला घातला आणि कधी काढायचा, हे ठळक अक्षरांत भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहावं, आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलमध्ये त्याची आठवण लावून ठेवावी. योजनेतून उपचार झाले असतील तर पुढच्या बदलाची सोय कशी होणार, हे डिस्चार्जच्या आधी आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.

औषधाकडे वळण्याआधी थोडं थांबावं लागतं, आणि हे थांबणं रुग्णाला फार अवघड जातं. स्टेरॉइडने थर विरतो हे ऐकल्यावर उद्यापासूनच गोळी सुरू करा, असं कोणालाही वाटेल. पण लिम्फोमा नावाच्या कर्करोगातही असाच थर दिसू शकतो आणि स्टेरॉइडने तोही काही काळ आक्रसतो. मग बायोप्सी केली तरी तीत नीट काही सापडत नाही, आणि महिने हातचे जातात. पोट, स्तन, आतडं, प्रोस्टेट यांच्या कर्करोगाच्या पेशीही इथे येऊन असा थर करू शकतात. थराचा आकार नेहमीसारखा नसेल, जागा वेगळी असेल, आजूबाजूच्या लसीकाग्रंथी मोठ्या असतील, तर स्टेरॉइडच्या आधी तुकडा काढून तपासणं आवश्यक असतं. 'बायोप्सीने आजार पसरतो' ही घराघरांत रुजलेली भीती इथे फार महागात पडते. आणि आपल्या देशात क्षयरोग कायम दाराशी आहे. क्षयाने मूत्रवाहिनी अरुंद होते, क्षयाने पाठीच्या कण्याजवळ गळू होतं. आणि शरीरात दडून बसलेला क्षय स्टेरॉइडने उसळून येतो. छातीचा एक्स-रे, क्षयाच्या चाचण्या, हिपॅटायटिस बीची तपासणी हे सगळं स्टेरॉइडपूर्वी व्हायला हवं.

पाठदुखीवर, सांधेदुखीवर 'जडीबुटीची' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं न सांगता मिसळलेली आढळली आहेत. अशी पुडी घेणाऱ्या रेट्रोपेरिटोनिअल फायब्रोसिसच्या रुग्णाला खरोखर बरं वाटेल, आणि तेच घातक आहे. दाह अर्धवट दबतो, ईएसआर खाली येतो, निदान लांबतं, बायोप्सी बिघडते, साखर वाढते, आणि पुडी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर रागावतील म्हणून ही पुडी लपवू नये. बरोबर घेऊन जावी.

कर्करोग आणि जंतुसंसर्ग नाही हे ठरलं की बहुतेक ठिकाणी उपचार प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने सुरू होतात. सुरुवातीचा डोस साधारणपणे वजनाच्या दर किलोला पाऊण ते एक मिलिग्रॅम, महिनाभर. तो प्रत्येकाच्या प्रकृतीप्रमाणे डॉक्टरच ठरवतात, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून तो उतरवून घ्यायचा नसतो. परिणाम इतका वेगाने येतो की रुग्णाचा विश्वास बसत नाही. आठवड्याभरात दुखणं जातं. दोन-तीन आठवड्यांत ईएसआर उतरतो. आणि मग पुढचे सहा-आठ महिने गोळी का घ्यायची, हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाचं उत्तर इटलीतल्या पार्मा इथल्या डॉक्टरांनी केलेल्या आणि २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका प्रयोगात चांगलं मिळतं. रुग्णांना आधी महिनाभर पूर्ण डोसात प्रेडनिसोन हे त्याच जातीचं स्टेरॉइड दिलं. ज्यांचा आजार त्याने आटोक्यात आला अशा छत्तीस जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. अठरा जणांना प्रेडनिसोन हळूहळू कमी करत पुढचे आठ महिने चालू ठेवलं. अठरा जणांना त्याऐवजी टॅमॉक्सिफेन हे दुसरं औषध दिलं. त्या आठ महिन्यांत पहिल्या गटात एकाचा आजार उलटला, दुसऱ्या गटात सात जणांचा. त्या सात जणांना महिनाअखेरीला बरं वाटतच होतं. तपासण्याही तेच सांगत होत्या. एका महिन्याच्या आरामावरून पुढचं काहीच सांगता येत नाही, हे याहून स्पष्ट कसं व्हावं?

स्टेरॉइडची भीती मला समजते आणि ती खोटी नाही. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, झोप उडते, स्वभाव चिडका होतो, जंतुसंसर्ग पटकन होतात, मोतीबिंदू लवकर येतो. मधुमेह्याला इन्सुलिनवर जावं लागू शकतं. हे सगळं डॉक्टरांशी बोलण्याचं आहे, आणि त्यावर मार्गही आहेत: सकाळी जेवणानंतर एकदाच गोळी, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व, साखर व रक्तदाबाची नोंद, आणि स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन किंवा रिटुक्सिमॅब यांचा आधार. पण भीतीपोटी स्वतःच्या मनाने गोळी अचानक बंद करणं हा यांतल्या कुठल्याही दुष्परिणामापेक्षा मोठा धोका आहे. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीराची स्वतःची ग्रंथी ते बनवणं मंद करते. गोळी एकदम थांबली आणि त्याच सुमारास जुलाब, ताप किंवा अपघात झाला, तर शरीराला सावरायला स्टेरॉइड उरतच नाही. लग्नासाठी गावी गेलो आणि गोळ्या संपल्या, असं होता कामा नये. दोन आठवड्यांचा साठा प्रवासाच्या बॅगेत वेगळा ठेवावा.

औषधांनी न सुटलेल्या अडथळ्यात शस्त्रक्रिया करतात. मूत्रवाहिन्या थरातून सोडवून पोटाच्या आत आणतात किंवा चरबीच्या पदरात गुंडाळतात, म्हणजे त्या पुन्हा जखडल्या जाऊ नयेत. अनुभवी हातांत ती उपयोगी पडते. पण महाधमनीभोवतीच्या मूळ दाहाला ती हात लावत नाही.

उपचारानंतरच्या स्कॅनमध्ये थर थोडा उरलेला दिसतो आणि रिपोर्ट वाचून घरात रडारड होते. ती बहुतेक वेळा गैरसमजातून असते. सुरुवातीचा थर दाहाच्या पेशींनी आणि रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो, तो औषधाने आक्रसतो. जुना झालेला थर म्हणजे निर्जीव व्रण. तो तसाच राहिला तरी चालतो, वाढता कामा नये. कोणता भाग अजून जागा आहे हे ठरवायला एमआरआय, पेट स्कॅन, ईएसआर, सीआरपी एकत्र पाहावं लागतं, आणि तरीही कधी कधी डॉक्टरांची मतं वेगळी पडतात. म्हणून मला वाटतं, निदान झाल्यापासून पहिल्या महिन्यातच एक गोष्ट पक्की करून घ्यावी: या आजाराची सूत्रं कोणाच्या हाती आहेत. यूरोलॉजिस्ट स्टेंट पाहतो, नेफ्रोलॉजिस्ट किडनी, र्‍हुमॅटोलॉजिस्ट दाह, आणि महाधमनी फुगलेली असेल तर व्हॅस्क्युलर सर्जनही लागतो. प्रत्येकाला वाटतं, पुढचं दुसरा कोणीतरी बघतोय. यांच्यापैकी एकाने मी बघतो असं म्हटलं पाहिजे, आणि रुग्णाने ते त्याच्या तोंडून ऐकून घेतलं पाहिजे. फाइल एकच असावी. तीत तारखेनुसार क्रिएटिनिन, ईएसआर, सीआरपी आणि त्या दिवशीचा स्टेरॉइडचा डोस, असे चार रकाने आपल्या हाताने लिहिलेले असावेत. डॉक्टर बदलले, शहर बदललं, तरी हा कागद वाचून नव्या डॉक्टरला दोन मिनिटांत सगळं कळतं.

आजार उलटण्याची शक्यता वर्षांनंतरही राहते, आणि उलटताना तो दुखेलच असं नाही. पहिल्या काही महिन्यांत रक्ततपासण्या दर महिना-दोन महिन्यांनी, स्कॅन डॉक्टर सांगतील तसा, मग सहा महिन्यांनी, आणि नंतर वर्षातून एकदा तरी, बरीच वर्षं. त्यात सर्वांत नाजूक आठवडे स्टेंट काढल्यानंतरचे. स्टेंट होता तोवर वाट मोकळी ठेवण्याचं काम तो करत होता. तो निघाल्यावर मूत्रवाहिनी स्वतः लघवी खाली ढकलते आहे की नाही, याची परीक्षा आता होणार असते. त्याच वेळी स्टेंटची कळ आणि जळजळ गेल्यामुळे रुग्णाला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं मोकळं वाटतं, आणि पुढची सोनोग्राफी राहून जाते. ती साधारण दोन ते चार आठवड्यांत झालीच पाहिजे, सोबत क्रिएटिनिन, आणि शंका असेल तर कोणती किडनी किती काम करते हे सांगणारा रेनोग्राम. तारीख स्टेंट काढला त्याच दिवशी, इस्पितळातून बाहेर पडण्याआधी, काउंटरवर घेऊन ठेवावी.